मी आधीच आत आहे

लेकीच्या देशात कुठल्या विमानतळावरून शिरावं, हे मला विचारा! स्वस्त तिकीट कुणीही काढून देईल, खिडकीची जागा कुणीही पकडेल. पण वारंवार जाऊन लांबलचक मुक्काम ठोकणाऱ्या आईबापांनी नेमक्या कुठल्या दारानं आत जावं, हे एक शास्त्र आहे. आणि आमच्या बागेतल्या बाकावर त्या शास्त्राचा एकमेव जाणकार मी. म्हणजे, या खेपेपर्यंत होतो.

आधी अडचण सांगतो. आमच्याकडे पर्यटक व्हिसा आहे, बऱ्याच वर्षांचा. कितीही वेळा जा, दर वेळी महिनोन्‌महिने राहा, कागदावर सगळं रीतसर. पण शेवटचा शब्द दारातल्या अधिकाऱ्याचा. त्याच्या मनात आलं की हे कसले पर्यटक, हे तर राहायलाच लागलेत, तर तो तिथल्या तिथे परत पाठवू शकतो. आणि एकदा परत पाठवलं की व्हिसा रद्द, पुढच्या सगळ्या खेपा बंद. लेकीच्या गावाजवळच्या थोरल्या विमानतळावर एका अधिकारी बाईंनी माझा पासपोर्ट चाळता चाळता विचारलं होतं, "तुम्ही इथे पाहुणे म्हणून येता, की तिकडे पाहुणे म्हणून जाता?" बायको म्हणाली, किती गोड बोलल्या. मला मात्र दरदरून घाम फुटला होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जीव टांगणीला लावून जायचंच कशाला? तर भिंगरीसाठी. भिंगरी ही माझी नात. चार वर्षांची आहे आणि पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली आहे. गेल्या खेपेला आम्ही निघालो तेव्हा ती गाढ झोपेत होती. उठवलं तर रडून घर डोक्यावर घेईल, असं लेक म्हणाली, म्हणून मी तिला न सांगताच निघालो. त्यानंतर ती फोनवर आलीच नाही. लेक रोज फोन लावायची. भिंगरी कुठंय विचारलं की म्हणायची, खेळतेय बाबा. मीही हसून म्हणायचो, खेळू दे, खेळू दे. आणि फोन ठेवल्यावर गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचो, सकाळी घातलेलं असलं तरी. बाकावरचे सगळे म्हणत, लहान पोरं विसरतात हो. मला एवढंच जाऊन बघायचं होतं, की ती विसरली आहे का.

म्हणून या खेपेला मी कुठलीच कसर ठेवली नाही. लेकीचं गाव दोन विमानतळांच्या बरोबर मध्ये आहे. थोरल्यावर शेकडो अधिकारी, लांबच लांब रांगा आणि सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. धाकट्यावर परदेशातून येणारं विमान क्वचितच उतरतं, आणि अधिकारी एखादाच. तोही कंटाळलेला असणार, चार पाव्हणे पाहून बिचाऱ्याला बरंच वाटेल, असा माझा हिशोब. धाकट्यावर जायला दोनदा विमान बदलावं लागतं, हे मी बायकोला टप्प्याटप्प्यानं सांगितलं.

शिवाय धाकट्याची मी आधीच पाहणी करून ठेवली होती. गेल्या खेपेला परतताना मुद्दाम तिथूनच निघालो होतो. बाहेर पडण्याच्या काउंटरवर तेव्हा कुणीच नव्हतं. बायको रांगेत उभी राहिली. रांग म्हणजे ती एकटीच. मला जरा जाऊन येण्याची निकड होती आणि ती सोय काउंटरच्या पलीकडे होती. सफाईवाल्यानं बादली अडकवून फाटक उघडं ठेवलं होतं. मी खुणेनं विचारलं, त्यानं खुणेनं जा म्हटलं. बाहेर आलो तर मी विमानाच्या बाजूला! एवढ्यात अधिकारी परतला, बायकोच्या पासपोर्टवर शिक्का मारला, आणि ती मला हातवारे करून बोलवायला लागली की या, तुमचा राहिलाय. मी हातानंच सांगितलं, राहू दे. शिक्के कमी तर प्रश्न कमी. पासपोर्ट जेवढा कोरा, तेवढा माणूस निरुपद्रवी. हे मी नंतर बाकावर सांगितलं तेव्हा दोघांनी वहीत लिहून घेतलं.

आणि शेवटची खबरदारी म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मी मिशी काढली. तरुणपणापासूनची, भरघोस, झुपकेदार. वारंवार येणारा तो मिशीवाला म्हातारा कुणाच्या लक्षात राहिला असेल तर राहिला असेल, आता येणारा हा वेगळा. बायकोनं दार उघडलं आणि ती आधी "कोण हवंय?" म्हणाली. याहून मोठी पावती कुठली!

धाकट्यावर विमान उतरलं तेव्हा दुपार होती, पण खिडकीबाहेर ती दिसत नव्हती. धुकं इतकं दाट होतं की जमीन आली हे चाकांच्या धक्क्यावरूनच कळलं. बाकीचे प्रवासी तिथलेच, ते भराभरा उतरून गेले. बायकोचा एक बूट सीटखाली सरकला होता, तो काढून आम्ही बाहेर आलो तेव्हा लांबच लांब गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दिवेही नव्हते. आम्ही पाऊल टाकलं की डोक्यावरचा दिवा लागायचा आणि पुढे सरकलो की मागचा विझायचा. पुढे अंधार, मागे अंधार, आणि मधल्या उजेडाच्या तुकड्यात आम्ही दोघं आणि आमच्या बॅगांची चाकं. सरकता पट्टा रिकामाच सरकत होता, आणि एक अत्यंत गोड आवाज कुणालातरी पावलं जपून टाकायला सांगत होता.

"अहो, इथली माणसं कुठायत?" बायकोनं माझी बाही धरली.

मी म्हटलं, हेच तर आपल्याला हवं होतं. पण मीही हळू आवाजात म्हटलं.

गल्ली संपली तिथे एक मोठं दालन. काउंटरची रांगच्या रांग, सगळ्या काचा काळ्या, आणि अगदी टोकाच्या एकाच काचेत उजेड. त्या उजेडात एक साहेब बसला होता. मधल्या वयाचा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, चेहऱ्याला रंग म्हणून नाही. तो आमच्याकडे आम्ही दिसायच्या आधीपासून बघत असावा. जवळ गेल्यावर लक्षात आलं की त्याच्या पापण्या मिटत नाहीत. मी बराच वेळ वाट पाहिली, पण नाहीच मिटल्या. आवाज तर इतका खाली, की ऐकायला काचेला कान लावावा लागे.

बायको आधी गेली. कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. दोनचार प्रश्न, चार बोटांचे ठसे, शिक्का. पलीकडचं काचेचं दार आपोआप उघडलं, बायको त्यातून गेली, दार मिटलं. मी मनात स्वतःची पाठ थोपटली आणि पुढे झालो.

साहेबानं पासपोर्ट उघडला. माझ्याकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. मग जरा पुढे वाकून म्हणाला, "हे गृहस्थ आत आहेत."

"कोण?"

"हा ज्यांचा पासपोर्ट आहे ते. गेल्या वर्षी आत आले. बाहेर पडल्याची नोंद नाही. म्हणजे ते आत आहेत." त्यानं पेन खाली ठेवलं. "आपण कोण?"

मी हसलो. तो हसला नाही. माझी उभी नोकरी एका कचेरीत आवक-जावक टेबलावर झाली. आवक आहे आणि जावक नाही, म्हणजे कागद कचेरीतच आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो, हा नियम मी स्वतः कितीतरी साहेबलोकांच्या तोंडावर फेकला होता. तो असा माझ्याच तोंडावर येऊन आदळेल असं वाटलं नव्हतं. मी घाईघाईनं सांगितलं की मी बाहेर पडलो होतो, बादलीच्या फाटकातून, सफाईवाल्याला विचारा. घरी पोचल्याचा शिक्का दाखवा, म्हणाला. तो कसा असणार? तिकडेही येताजाताना मी मुद्दाम शिक्का न मारणाऱ्या यंत्राच्या फाटकातूनच गेलो होतो. शिक्के कमी, प्रश्न कमी! विमान कंपनीला विचारा म्हटलं, तर त्यानं शांतपणे उत्तर दिलं की जागेवर कुणीतरी बसलं होतं एवढंच कंपनी सांगेल, ते आपणच हे ती कशी सांगणार.

मग त्यानं बोटं ठेवायला सांगितली. यंत्राच्या काचेवर हिरवा उजेड फिरला आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. पुन्हा ठेवली. पुन्हा काही नाही. साहेबानं माझा हात उलटा करून बोटांची टोकं निरखली. तीही माझ्या नोकरीचीच देणगी, आयुष्यभर कागद उलटून उलटून रेघा झिजल्या आहेत. थोरल्या विमानतळावर बायको दर वेळी आधी माझ्या बोटांना क्रीम चोळते म्हणून निभावतं. पण बायको आता दाराच्या पलीकडे होती, आणि क्रीम तिच्या पर्समध्ये. शेवटी त्यानं फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. फोटोत भरघोस मिशी, आणि इथे मुळीच नाही.

"नोंद नाही, ठसे नाहीत, चेहराही हा नाही," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "आपण जरा बसा."

बसायची खोली बाजूलाच होती. आत गेल्यावर दार मिटलं आणि पाहतो तर त्याला आतून मूठच नव्हती. एक बाक, एक बेसिन, आणि एक अख्खी भिंत काचेची. काचेपलीकडे बाहेरचं दालन, आणि तिथे बायको बॅगेवर बसलेली! मी धावत गेलो, हात हलवले. ती उठली, सरळ माझ्या समोर आली, माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, केसांची बट मागे सारली, दात विचकून दातात काही अडकलंय का ते बघितलं आणि परत जाऊन बसली. तिच्या बाजूनं आरसा होता हे मला कळत होतं. पण इतक्या वर्षांची बायको आपल्याकडे असं आरपार बघते तेव्हा कळण्याचा काही उपयोग होत नाही.

तोंडावर पाणी मारावं म्हणून बेसिनशी गेलो. नळाखाली हात धरला की पाणी यायचं, तसला नळ. आलं नाही. हात वर धरला, खाली धरला, हळूहळू आणला, एकदम आणला. नळ ढिम्म. बाकावर येऊन बसलो, विचार करू लागलो, तर दिवा विझला. हालचाल नाही म्हणजे माणूस नाही, असं त्या दिव्याचं मत. मी हात हलवले. अंधारच. उभा राहून उड्या मारल्या, तेव्हा कुठे तो नाइलाजानं लागला. तुम्हाला गंमत वाटेल. पण तिथे त्या खोलीत, यंत्र म्हणतंय ठसे नाहीत, नळ म्हणतोय कुणी नाही, साहेब म्हणतोय तुम्ही दुसरीकडे आहात, आणि बायकोला तुम्ही दिसत नाही, अशा वेळी माणूस हळूच स्वतःला चिमटा काढून बघतो. मी काढला. दुखलं, पण फारसं नाही.

साहेब कधी आत आला ते कळलं नाही. वळलो तर बाकावर माझ्या शेजारी बसलेला, हातात फोन. म्हणाला, आत असलेल्या गृहस्थांच्या पत्त्यावर चौकशी करावी लागेल. माझी लेक बाहेरच आली असेल, तिला विचारा, असं मी सुचवलं. त्यानं मान हलवली. बाहेर थांबलेली माणसं तुमच्याच बाजूची असतात, त्यांना आम्ही विचारत नाही, पत्त्यावरच विचारतो. आणि त्यानं लेकीच्या घरचा नंबर फिरवून फोन आम्हा दोघांच्या मध्ये ठेवला.

फोन एका अनोळखी बाईनं उचलला. भिंगरीला सांभाळायला लेक नवी बाई ठेवणार होती, तिचा तो पहिलाच दिवस. साहेबानं आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, या पत्त्यावर कुणी वृद्ध गृहस्थ आहेत का.

"आहेत की," बाई म्हणाली. "खिडकीपाशी खुर्चीत बसलेत. मुलगी म्हणते, आजोबा आहेत. आणि साहेब, माझं फक्त मुलीचं ठरलं होतं. आजोबांचं कुणी बोललं नव्हतं."

मला तोपर्यंत राग येत होता. आता तो कुठल्या कुठे गेला. खिडकीजवळची खुर्ची माझीच. तिकडे असलो की मी दुपारभर तिच्यातच असतो.

साहेबानं माझ्याकडे एक नजर टाकली आणि विचारलं, ते फोनवर येतील का. बाई म्हणाली, ते कुणाशीच बोलत नाहीत. मी आल्यापासून एक शब्द नाही. चहा नेऊन ठेवला, हात लावला नाही. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. जाड कोट घालून बसलेत, घरात एवढी ऊब असताना.

कोटही माझाच. थंडीचा जड कोट मी दर वेळी लेकीच्या कपाटात ठेवून येतो.

"श्वास चालू आहे का, जरा जवळ जाऊन बघा," साहेब त्याच खालच्या आवाजात म्हणाला.

पावलं लांब गेली. मग फोनमधून अशी किंकाळी आली की आमच्या खोलीतला दिवा आपोआप लागला असता, विझलेला असता तर. काहीतरी आपटलं, दार धाडकन वाजलं, आणि बाई बाहेर कुणालातरी हाका मारत गेली. फोन मात्र चालूच राहिला. साहेबानं दुसऱ्या फोनवरून त्या पत्त्यावर अँब्युलन्स पाठवायला सांगितलं. रुग्णाचं नाव म्हणून माझं नाव सांगितलं, माझ्यादेखत.

मग आम्ही दोघं त्या चालू फोनकडे बघत बसलो. आधी नुसती घरघर. मग खुर्ची कुरकुरली. आणि मग एक बारीक आवाज आला.

"आजोबा, जरा सरक ना."

भिंगरी. इतक्या महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकत होतो.

ती आमच्या भाषेत बोलत होती, साहेबाला काही कळेना. "काय म्हणते?" त्यानं विचारलं.

काय करणार, खरं तेच सांगितलं. म्हटलं, ती आजोबांना सरकायला सांगते आहे. त्यानं ते लिहून घेतलं.

"तुझा चहा गार झाला. मी पिऊ? आईला सांगू नकोस हं."

"आता?"

"आजोबांचा चहा ती पिणार आहे. आईला सांगू नका म्हणते."

त्यानं तेही लिहिलं. स्वतःविरुद्धची साक्ष अशी वाक्यावाक्यानं भाषांतर करून देणारा आरोपी त्याला पहिल्यांदाच भेटला असावा. पण मला थांबायचंच नव्हतं. ती त्याला सांगत होती की पावसानं गोगलगाय आली होती, की शाळेत एक मुलगा चावतो, की आज ती केस धुणार नाही. सगळं, सगळं जे मला फोनवर ऐकायचं होतं. पोर मला विसरली नव्हती. ती माझ्याशीच बोलत होती, फक्त मी तिथे नव्हतो. तिथे कोण होतं हे माझ्या लक्षात येईना, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याची भीती वाटायची थांबून त्याचा हेवा वाटायला लागला.

"आपण रडता आहात," साहेब म्हणाला, आणि बहुधा तेही त्यानं लिहिलं.

एवढ्यात फोनमध्ये जिन्यावरून बुटांचा धडधडाट आला. अँब्युलन्सवाले. कुणीतरी भिंगरीला बाजूला घेतलं, ती चिडून ओरडली, त्याला हात लावू नका. खुर्ची सरकली, काहीतरी धप्पकन जमिनीवर आडवं झालं, आणि एक माणूस मोठ्यानं आकडे मोजत छाती दाबायला लागला. मी स्वतःच्या छातीवर हात धरून बसलो. मोजणं मध्येच थांबलं. काहीतरी टर्रकन उसवल्याचा आवाज झाला. मग शांतता. इतकी लांब शांतता, की आमचा दिवा खरोखर विझला आणि आम्ही अंधारात बसून राहिलो.

"साहेब," फोनवर तो माणूस आला. "रुग्णाच्या छातीतून पिसं निघाली."

"पुन्हा सांगा."

"पिसं, साहेब. उश्या आहेत. पाय लोडांचे आहेत. डोकं म्हणजे उशीचा अभ्रा, त्यावर डोळे काढलेत, चष्मा खरा आहे. काळ्या लोकरीची मिशी आहे, भरघोस."

"नाडी?"

"नाही साहेब."

"म्हणजे मृत?"

"नाही साहेब," तो माणूस कळवळून म्हणाला. "भरलेला आहे."

साहेबानं हात वर केला, दिवा लागला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्या दुपारी पहिल्यांदाच त्याच्या पापण्या मिटून उघडल्या. आत असलेले गृहस्थ आता हिशोबात आले होते, त्यामुळे बाहेर असलेल्या गृहस्थांचा विचार करायला त्याची हरकत राहिली नाही. त्यानं आपलं काळं पेन माझ्या नाकाखाली आडवं धरलं, फोटो शेजारी धरला, एक डोळा बारीक केला आणि मान डोलावली. बायकोकडून क्रीम मागवलं. मी बोटांना चोळलं, आणि यंत्रावर माझे ठसे हळूहळू उमटले, फिकट, पण माझे. मला त्यांच्याकडे बघून इतकं बरं वाटलं की मी ते दोनदा दिले.

शिक्का मारताना तो म्हणाला, "नोंदीप्रमाणे आता आपण आत दोघे आहात. जाताना दोघांनी बाहेर पडायचं. काउंटरवर कुणी नसलं तरी थांबायचं."

ही थट्टा होती की हुकूम, ते मला आजतागायत समजलेलं नाही. विचारायला म्हणून वळलो तर टोकाची काच काळी झाली होती. काचेच्या दारासमोर उभा राहिलो. ते उघडलं नाही. शेवटी बायको पलीकडून पुढे आली तेव्हा तिच्यासाठी उघडलं, आणि त्यात मी बाहेर निसटलो.

गाडीत लेकीनं सगळं सांगितलं. आम्ही गेलो त्या सकाळी भिंगरी उठली, घरभर आजोबांना शोधलं, आणि मग कपाटातला कोट ओढून काढला. उश्या तिनं भरल्या, मिशी लेकीनं चिकटवून दिली, एक दिवसाचा खेळ म्हणून. पण तो माणूस खुर्चीतून उठलाच नाही. फोन आला की भिंगरी म्हणायची, आजोबा घरीच आहे, फोनवर कशाला बोलू? लेकीला ते सांगायची लाज वाटायची. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी खोलीत गेलं की बाबा, माझीसुद्धा छाती धडधडायची, ती म्हणाली. बायकोनं एवढंच म्हटलं की थोरल्यावर उतरलो असतो तर एव्हाना जेवून झोपलो असतो.

घरी पोचलो तेव्हा नवी बाई दारातच बॅग घेऊन उभी होती, तिला हे घर नको होतं. आत जमिनीवर माझा कोट छाती उघडी टाकून पडला होता, खोलीभर पिसं. आणि त्या पसाऱ्यात भिंगरी फतकल मारून बसली होती, रडून झालेली, हातात चष्मा. मी उंबऱ्यातच थांबलो. बिनमिशीचा, प्रवासानं चुरगळलेला. हाक मारायचं धैर्य होईना. एवढा पल्ला ज्या एका गोष्टीसाठी मारला, ती आता समोर होती आणि मला तिचं उत्तर नको झालं होतं.

ती उठली. माझ्याभोवती एक फेरी मारली. माझा हात धरून नेऊन मला खुर्चीत बसवलं, आणि मग त्या अँब्युलन्सवाल्याची हुबेहूब नक्कल करत दोन्ही तळवे माझ्या पोटावर ठेवून दाबले. एकदा. दोनदा. मग जोर लावून. चेहरा एकदम खुलला.

"आजी," तिनं हाक मारली, "ह्याच्यात पण उशी आहे. पण ह्याची आतून शिवलीय, निघत नाही."

मग तिनं तो चष्मा माझ्या चष्म्यावरच चढवला, मांडीवर चढून बसली आणि मला ताकीद दिली की हलायचं नाही, बोलायचं नाही आणि कुठे जायचं नाही. मी तसाच बसून राहिलो. पायाला मुंग्या आल्या, चहा येऊन गार झाला, बाहेर अंधार पडला, तरी हललो नाही. बायको म्हणते, लग्न झाल्यापासून तिनं मला एवढा वेळ गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तो उश्यांचा दुसरा मोडला म्हणून तिला उगीच वाईट वाटलं होतं.